पाळकाचा विसावा

आषाढी एकादशी जवळ आली म्हणजे पंढरपूर तालुक्यांतील करकंब गांवीं दोन मोठ्या पालख्या मुक्कामाला येतात. एक त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची आणि दुसरी पैठणची, एकनाथांची. पंढरपूर आतां फार दूर राहिलेलें नसतें. वारकऱ्याच्या मनाला ओढ लागलेली असते, आणि नुसत्या मनाच्या बळावर चालावयाचें झालें तर पुष्कळजण रात्रींतच चंद्रभागा गांठतील. तरीहि पालखी उतरते. कीर्तन होतें, जेवणें होतात, थकलेले पाय चेपले जातात आणि माणसें निजतात. विसावा आणि मुक्काम हीं वारीच्या वाटचालीचींच अंगें आहेत. त्यांचीं ठिकाणें ठरलेलीं, त्यांच्या वेळा ठरलेल्या. थांबलेल्या वारकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाहीं. उलट त्याला थांबवून घेण्यांत गांवकरी आपलें पुण्य मानतात.

यांतील एक गोष्ट सहसा लक्षांत येत नाहीं. वारकरी आपल्या विसाव्याची सगळी व्यवस्था स्वतः करीत नाहीं. ती वाटेवरचें गांव करतें. ज्याच्या धर्मसेवेंत असा थांबवून घेणारा कोणीच नेमलेला नाहीं, त्याची स्थिति काय होते हें पाहावयाचें असेल, तर याच सोलापूर जिल्ह्यांतील, किंबहुना महाराष्ट्रांतील कोठल्याहि, ख्रिस्ती पाळकाच्या दिनक्रमाकडे पाहावें.

‘पाळक’ हा शब्द मराठी ख्रिस्ती समाजांत धर्मगुरूला लावतात. त्याचा मूळ अर्थ मेंढपाळ; आणि ज्या लोकांची तो काळजी वाहतो त्यांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. बाहेरच्या माणसाची समजूत अशी असते कीं, पाळकाचें काम आठवड्यांतून एका दिवसाचें. रविवारीं झगा चढवावा, उपदेश करावा, आशीर्वाद द्यावा आणि उरलेले सहा दिवस बायबल वाचीत बसावें! वस्तुस्थिति फार निराळी आहे. पहाटे कोणाच्या घरीं मयत झाल्याचा निरोप येतो. पाळक जातो, रडणाऱ्यांजवळ बसतो, पेटीची आणि खड्ड्याची व्यवस्था पाहतो, दफनविधि उरकतो. दुपारीं घरीं परततो तों ओसरीवर दोघे भाऊ वडिलार्जित जागेचा तंटा घेऊन बसलेले असतात. संध्याकाळीं एका मुलीच्या लग्नाची बोलणी; तेथें चेहरा हंसरा हवा. रात्रीं इस्पितळांत कोणाच्या तरी उशाशीं प्रार्थना. एका दिवसांत तीन घरांचें दुःख आणि एका घराचें सुख या माणसाला अंगावर घ्यावें लागतें, आणि प्रत्येक घराला वाटतें कीं, पाळक आज फक्त आपल्याकडेच आला आहे. मोबाईल फोन हातीं आल्यापासून तर निरोप्या येऊन पोंचण्याइतकाहि अवधि मध्यें उरलेला नाहीं.

बरें, रविवार हा ख्रिस्ती माणसाचा विसाव्याचा दिवस. पण सहा दिवस काम करून सातव्या दिवशीं थांबावें, ही आज्ञा पाळक ज्या दिवशीं व्यासपीठावरून समजावून सांगतो, तोच त्याच्या आठवड्यांतला सर्वांत जड दिवस असतो. इतरांचा शब्बाथ सांभाळतां सांभाळतां त्याचा स्वतःचा शब्बाथ हरवतो. पूर्वींच्या यहुदी याजकांचीहि हीच अडचण होती. त्या दिवशीं मंदिरांत त्यांना नेहमींपेक्षां अधिक यज्ञ करावे लागत. निदान पुष्कळ याजक असल्यामुळें त्यांच्या पाळ्या तरी लागत. खेड्यांतील एकट्या पाळकाला पाळी बदलून घ्यावयास दुसरा कोण असतो?

देहाचा थकवा ही एक गोष्ट, आणि मनाला झालेली जखम ही दुसरी. दोन्हींना एकच औषध लागू पडत नाहीं. थकलेल्याला झोंप पुरते. दुखावलेल्याला झोंपच येत नाहीं. पाळकाला होणारी जखम बहुधा घरच्याच माणसांकडून होते. ज्याच्या मुलाला त्यानें शाळेंत बसविलें तोच पुढें पंचांच्या सभेंत हिशेबाचा संशय घेतो. मंडळींत दोन तट पडतात, आणि दोन्ही तटांना पाळक पलीकडच्या बाजूचा वाटतो. शिवाय जें त्याच्या कानीं गुपित म्हणून सांगितलें जातें, तें तो पत्नीजवळहि बोलूं शकत नाहीं. सर्वांचें ऐकून घेणाऱ्या या माणसाचें ऐकून घेण्यास गांवांत दुसरा कोणी नसतो.

या दोन्ही दुखण्यांचें जुन्यांतील जुनें आणि अत्यंत अचूक चित्र बायबलच्या जुन्या करारांत आहे. एलीया हा मोठा तेजस्वी संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्यानें साऱ्या लोकांदेखत बआलाच्या पुजाऱ्यांवर विजय मिळविला. त्यानंतर लगेच ईजबेल राणीची धमकी आली आणि हा वीर जीव घेऊन पळाला. बैर-शेबा येथें त्यानें आपल्या चाकरालाहि मागें ठेविलें, एकट्यानेंच अरण्यांत एक दिवसाची वाट तोडली, आणि रतामाच्या झुडपाखालीं बसून, आतां पुरे झालें, माझा प्राण घे, असें देवाजवळ मागणें केलें. मोठ्या यशाच्या पाठोपाठ असा पडता काळ यावा याचें पुष्कळांना नवल वाटतें. ज्यांनीं मोठी सभा, मोठा उत्सव किंवा दुष्काळांतलें मोठें अन्नछत्र पार पाडलें आहे त्यांना तें वाटणार नाहीं.

आतां पुढें काय होतें तें पाहण्यासारखें आहे. एलीयाला कोणी बोल लावीत नाहीं. तो झोंपी जातो. देवदूत त्याला हलवून उठवितो. उशाशीं निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवलेली असते. तो खातो, पितो आणि पुन्हा निजतो. दूत दुसऱ्यांदा उठवून खाऊं घालतो, तेव्हां कोठें होरेब पर्वतापर्यंतच्या चाळीस दिवसांच्या वाटेची गोष्ट निघते. होरेबास त्याची तक्रार ऐकून घेतली जाते, तीहि एकदां नव्हे, दोनदां, आणि बहुतेक त्याच शब्दांत. मग त्याला कळतें कीं, आपण समजत होतों तसे आपण एकटे उरलेले नाहीं. आणखी सात हजार माणसें निष्ठेनें उभीं आहेत. शेवटीं त्याला अलीशा हा मदतनीस मिळतो. अगोदर झोंप, मग अन्न, पुन्हा झोंप, नंतर मोकळेपणानें बोलण्याची संधि, आणि सरतेशेवटीं कामांत जोडीदार. हा क्रम ज्यानें लिहून ठेविला त्याला माणसाचें शरीर आणि मन दोन्हीं नीट ठाऊक होतीं. आपल्याकडे थकलेल्या पाळकाला बहुधा शेवटून सुरुवात करून अधिक प्रार्थना करण्याचा सल्ला मिळतो, आणि भाकरीची कोणी चौकशी करीत नाहीं.

नव्या करारांतहि असाच एक प्रसंग आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा वध झाल्याचें वर्तमान येतें त्याच सुमारास शिष्य गांवोगांव हिंडून परत येतात. येणाऱ्याजाणाऱ्यांची एवढी गर्दी कीं जेवावयासहि फुरसत नाहीं. येशु त्यांना एकांतांत चला, थोडा विसावा घ्या, असें सांगतो आणि सर्वजण होडींत बसून निघतात. पण लोक पायवाटेनें धांवत जाऊन त्यांच्या आधींच त्या किनाऱ्यावर हजर! तो विसावा त्या दिवशीं मोडलाच. मात्र पांच हजारांचें जेवण आटोपल्यावर शिष्यांना होडींत बसवून देऊन, जमावालाहि निरोप देऊन, येशु एकटा डोंगरावर गेला. लोकांना घरीं पाठविणें हेंहि त्यानें सेवेंतलेंच एक काम मानलें, ही गोष्ट उपदेशांतून फारशी ऐकूं येत नाहीं.

महाराष्ट्रांतील ख्रिस्ती कामाचा इतिहास या बाबतींत बोलका आहे. अमेरिकन मराठी मिशनचे आद्य मिशनरी गॉर्डन हॉल हे १८१३ सालीं मुंबईस आले. १८२६ च्या मार्चमध्यें ते नाशिककडे दौऱ्यावर गेले असतां तेथें पटकीची सांथ जोरांत होती. त्यांनीं जवळचीं औषधें लोकांना वांटून टाकिलीं; स्वतःपुरतीं ठेविलीं नाहींत. परतीच्या वाटेवर एका खेड्यांत देवळाच्या ओसरीवर उतरले असतां त्यांनाच पटकी झाली आणि २० मार्च रोजीं त्यांचा अंत झाला. वय अवघें ४१. त्यांच्या त्यागापुढें मस्तक नमतें, पण मराठींत सहज म्हटलें जातें तसें ‘चंदनासारखे झिजले’ म्हणून थांबणें पुरेसें नाहीं. चंदनाचें खोड झिजून संपलें म्हणजे दुसऱ्या दिवशीं गंध कशाचें उगाळावयाचें, हा विचार सहाणेजवळ बसणाऱ्यानेंच करावयाचा असतो.

परदेशी मिशनऱ्यांच्या संस्थांनीं तो विचार पुढें केला. १८२८ च्या सुमारास सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दींत महाबळेश्वरची वसाहत उभी राहिली, आणि थोड्याच वर्षांत मिशनरी मंडळी तेथें प्रकृतिसुधारणेसाठीं जाऊं लागली. १८१८ सालीं मुंबईस आलेले ॲलन ग्रेव्ह्ज हे प्रकृति ढांसळल्यावर याच डोंगरावर राहून लेखनाचें व भाषांतराचें काम करीत राहिले आणि १८४३ सालीं तेथेंच वारले. पुढें उन्हाळ्यांत डोंगरावर जाणें आणि कांहीं वर्षांच्या नोकरीनंतर मायदेशीं दीर्घ रजेवर जाणें हा मिशनऱ्यांचा रिवाजच झाला. तो योग्यच होता. पण त्याच मिशनांतील देशी पाळकाला ना डोंगर होता, ना मायदेशची रजा. त्याचा मायदेश म्हणजे तोच गांव. सोलापुरास या मिशनचें ठाणें १८६० नंतरच्या दशकांत झालें. त्या भागानें १८७६ ते ७८ चा दुष्काळ पाहिला, १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ पाहिले, प्लेगच्या सांथी पाहिल्या, १९१८ चा इन्फ्लुएन्झा पाहिला. अशा प्रत्येक वेळीं धान्याची यादी, अनाथ मुलें आणि मयतांचीं दफनें हीं खेड्यांतल्या देशी सेवकांच्याच वांट्याला आलीं.

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें चरित्र मराठी वाचकांना सर्वांत जवळचें. १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत त्यांचा जन्म झाला आणि १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसापासून आप्तस्वकीय तुटले. पत्नी लक्ष्मीबाई यांचीहि कांहीं वर्षें ताटातूट झाली. त्या काळांत लक्ष्मीबाई कांहीं दिवस पंढरपुरास, म्हणजे करकंबापासून थोड्याच मैलांवर, बहिणीच्या बिऱ्हाडीं होत्या. जखम दोन्हीकडे होती. पुढें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें टिळकांनीं धर्मशिक्षणाच्या शाळेंत अध्यापन केलें, १९०४ सालीं त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, राहुरीकडे खेड्यापाड्यांतून त्यांनीं काम केलें, ‘ज्ञानोदया’चें मराठी संपादन सांभाळलें, आणि मराठी ख्रिस्ती उपासनेंत आजहि गाइलीं जाणारीं कितीतरी पदें लिहिलीं. घरांत पोटच्या मुलांखेरीज आश्रयाला आलेलीं मुलें असतच. लक्ष्मीबाईंचें ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना हंसूं येतें, डोळे भरूनहि येतात. पण मनावर ठसा उमटतो तो या माणसाच्या अखंड धांवपळीचा. हातीं आलेला पैसा जसा त्यांच्याजवळ टिकत नसे, तशीच शक्तीहि त्यांनीं कधीं गांठीला बांधून ठेविली नाहीं.

१९१७ सालीं टिळक मिशनच्या पगारी नोकरींतून मोकळे झाले. यास कोणी निवृत्ति म्हणेल, पण तो विसावा नव्हताच. संन्यस्त वृत्तीनें राहून ‘देवाचा दरबार’ उभारण्याचें, पहिल्याहून मोठें काम त्यांनीं शिरावर घेतलें. ९ मे १९१९ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें. वय ५७. त्यांचें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरेंच राहिलें. तें लक्ष्मीबाईंनीं पुढें लिहून पुरें केलें. अमुक इतकी विश्रांति मिळती तर टिळक अमुक इतकीं वर्षें जगते, असला हिशेब मांडणें पोरकटपणाचें होईल. पण अशा माणसाला हक्कानें दम घ्यावयास लावणारी एखादी व्यवस्था देशी पाळकांसाठीं त्या काळीं असती, तर त्या महाकाव्यांत त्यांच्या हातचे आणखी कांहीं अध्याय आले असते, एवढें म्हणण्यास हरकत नसावी.

योगायोग असा कीं, लंडनचे सुप्रसिद्ध उपदेशक चार्ल्स स्पर्जन हेहि ५७ व्याच वर्षीं वारले. १९ ऑक्टोबर १८५६ रोजीं त्यांच्या प्रचंड सभेंत कोणी तरी आगीची खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरींत सात माणसें दगावलीं. स्पर्जन तेव्हां अवघे २२ वर्षांचे होते. त्या दिवसाची सावली त्यांच्या मनावरून कधींच पुरती हटली नाहीं. संधिवातासारखें दुखणें आणि उदासीनता यांनीं ते पुढें वारंवार ग्रासले जात. पण त्यांनीं दोन गोष्टी केल्या. आपली उदासीनता लपविली नाहीं. पाळक होऊं पाहणाऱ्या विद्यार्थ्यांपुढें या विषयावर त्यांनीं उघड व्याख्यान दिलें. आणि हिवाळ्यांत फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांतोन गांवीं जाऊन राहण्याचा परिपाठ ठेविला. १८९२ सालीं त्यांचा अंतहि तेथेंच झाला. त्यांच्या मंडळीनें हें सारें सोसलें, म्हणूनच त्यांना एवढें काम करतां आलें.

ज्याला इंग्रजींत बर्न-आउट म्हणतात त्या अवस्थेकडे हल्लीं वैद्यकहि लक्ष देऊं लागलें आहे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञानें १९७४ सालीं या अवस्थेवर लिहिलें, तें इतरांची सेवा करणाऱ्या माणसांकडे पाहूनच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं तिची तीन लक्षणें सांगितलीं: शक्ति पार संपल्यासारखी वाटणें, कामाविषयीं मन आंबणें किंवा दुरावणें, आणि आपल्या हातून कांहींच नीट होत नाहीं असें वाटणें. संघटना याला रोग म्हणत नाहीं. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा तो परिणाम मानते. म्हणजे दोष एकट्या माणसाचा नव्हे, कामाच्या मांडणीचाहि. पाळकाच्या बाबतींत दुसरें लक्षण सर्वांत घातक. दफनाच्या वेळीं शब्द बरोबर निघतात, पण आंत कांहींच हलत नाहीं; हें ज्याचें त्याला कळतें आणि तो तें पाप समजून मनांत दडपतो. रात्रीमागून रात्री झोंप नाहीं, जगण्याची इच्छा उरली नाहीं, अशी पाळी आली तर तें नुसत्या सुटीनें भागण्यासारखें नसतें. तेथें वैद्याकडेच गेलें पाहिजे. प्रार्थना आणि औषध यांचें वैर कोणी सांगितलें आहे?

मांडणी बदलावयाची ती मंडळीनें. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करीत बसे, तेव्हां त्याचा सासरा इथ्रो यानें तें पाहून स्पष्ट सांगितलें कीं, ही रीत बरी नव्हे. यानें तूंहि झिजशील आणि लोकहि. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमले गेले. स्वतः मोशेला ही युक्ति सुचली नव्हती. ती बाहेरून आलेल्या वडील माणसाला सुचली. मंदिराची अवजड सेवा करणाऱ्या लेव्यांनीं पन्नासाव्या वर्षीं ती खालीं ठेवावी आणि पुढें भाऊबंदांना राखणीच्या कामीं हात द्यावा, असाहि त्याच ग्रंथांत नियम आहे.

रोमन कॅथलिक पंथानें ही गोष्ट कायद्यांतच घातली आहे. १९८३ च्या त्यांच्या धर्मसंहितेप्रमाणें गंभीर अडचण नसेल तर धर्मग्रामाच्या गुरूला वर्षांतून एक महिन्यापर्यंत सुटी घेतां येते, आणि वार्षिक ध्यानसाधनेचे दिवस या महिन्यांत धरले जात नाहींत. वसईकडील मराठी भाषिक कॅथलिकांना यांत कांहीं विशेष वाटणार नाहीं. इतर पंथांत रजेचे नियम कागदावर असले तरी लहान मंडळीला बदली माणूस मिळत नाहीं, ही खरी अडचण. ती दूर करण्यास फार पैसा लागत नाहीं. शेजारच्या दोन गांवांच्या पाळकांनीं एकमेकांचा रविवार सांभाळावा. जवळपास राहणाऱ्या निवृत्त पाळकाला महिन्यांतून एकदां उपदेशास बोलवावें, तोहि सुखावेल. आठवड्यांतला एक दिवस, मग तो सोमवार असो वा गुरुवार, पाळकाचा म्हणून ठरवावा, आणि त्याची घोषणा पाळकाला स्वतः करावयास न लावतां मंडळीच्या वडीलधाऱ्यानें करावी. त्या दिवशीं फोन त्या वडीलधाऱ्याकडे जावा. मयत झाली तरच पाळकाला हांक. तंटे दुसऱ्या दिवसापर्यंत मुळींच नासत नाहींत. वर्षाच्या अंदाजपत्रकांत दिव्याच्या तेलाचा खर्च जसा पूर्वीं घालीत, आणि आतां विजेच्या बिलाचा घालतात, तसाच पाळकाच्या सुटीचा आणि प्रवासाचा खर्च घालावा. आणि त्याला मन मोकळें करावयाला असा एखादा जुना जाणता पाळक असावा कीं, जो त्याच्या मंडळींतला नाहीं आणि त्याच्या बदलीचा अधिकारीहि नाहीं.

सुटीची ही व्यवस्था ठरवितांना पाळकाच्या पत्नीला विसरण्याची जुनी खोड आहे. मयताच्या घरीं चहाची किटली तिनेंच पोंचविलेली असते, तंटा घेऊन आलेल्या भावांना जेवून जा म्हणण्याचें कामहि तिचेंच. पाळकाला पंधरा दिवस गांवीं पाठविलें, आणि तेथें तिनें वीस माणसांच्या भाकऱ्या भाजल्या, तर विसावा अर्ध्याच घराला मिळाला. करकंबाच्या मुक्कामीं वारकरी स्त्रियाहि डोक्यावरची तुळस खालीं उतरवून ठेवितात आणि गांवच्या पंगतींत पुरुषांसारख्याच जेवावयास बसतात.